नऊशे वर्षांच्या छपराचा खर्च कोणी करायचा?

वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या हेरिफर्डशरमध्ये किल्पेक नावाचं छोटं खेडं आहे. तिथलं चर्च ११४० च्या सुमाराचं. शेजारी एका नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांपैकी, सरदाराच्या गढीचं टेकाड आहे, त्यावर पडक्या भिंतींचे एक-दोन तुकडे उरलेत. गढी गेली, चर्च राहिलं. इमारत लहानशी: लोक बसतात तो लांबट भाग, त्याच्यापुढे वेदीचा भाग आणि शेवटी अर्धगोल टोक. दगड तिथलाच, तांबूस वालुकाश्म. पण दक्षिणेच्या दाराशी उभं राहिलं की पाय निघत नाही. दोन्ही अंगांच्या खांबांवर एकमेकांची शेपटी गिळत जाणारे साप, वेलीत गुरफटलेले विजार घातलेले योद्धे, वर कमानीखालच्या अर्धगोल दगडात एक झाड, आणि त्या सगळ्याभोवती चोची, तोंडं, मासे, पक्षी यांची दाटी. वळचणीखाली भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पंच्याऐंशी चेहरे नि प्राणी आजही शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत. एक बाई दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवते आहे, जिला इकडे शीला-ना-गिग म्हणतात. आपल्याकडची लज्जागौरी पाहिलेला माणूस तिथे थबकतोच. दोघींचं काही नातं असल्याचा पुरावा नाही, आणि चर्चच्या भिंतीवर ती का कोरली याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. नऊ शतकं तिच्याखालून लोक प्रार्थनेला जात आले एवढं खरं.

हे सगळं पाहून झाल्यावर मनात येतं, याची देखभाल करतं कोण?

बहुतेकांचा समज असतो, सरकार. समज चुकीचा असला तरी त्याला कारण आहे. चर्च ऑफ इंग्लंड हा इंग्लंडचा अधिकृत पंथ. राजा त्याचा प्रमुख. त्याचे सव्वीस बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. एवढं असताना दुरुस्तीचे पैसे सरकारी तिजोरीतूनच जात असणार असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गावातल्या चर्चची जबाबदारी त्या गावच्या चर्च समितीवर असते. समिती म्हणजे तिथे उपासनेला येणाऱ्यांपैकी निवडलेली माणसं. खेड्यात ती अनेकदा आठ-दहाच असतात आणि बहुतेक निवृत्त. पाळक, म्हणजे तिथला धर्मगुरू, एकट्या त्या गावाचा नसतो. पाच-सहा, कधी दहाहून अधिक गावं त्याच्याकडे असतात, त्यामुळे तो महिन्यातून एक-दोन रविवारी येतो. बाकीचे दिवस किल्ल्या, मेणबत्त्या, पन्हळी, विमा, चोरीची तक्रार, वटवाघळांचा उपद्रव आणि वीजबिल हे सगळं याच मंडळींच्या अंगावर.

माझं म्हणणं असं आहे: खेड्यातल्या या जुन्या चर्चच्या भिंती आणि छप्पर राखण्याचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा. आणि त्याबदल्यात ते चर्च दिवसभर सगळ्यांसाठी उघडं असायला हवं. मी ख्रिस्ती नाही. या देशात राहायला आल्यापासून आडगावच्या चर्चना भेटी देत आले आहे आणि त्यातूनच हे मत बनलं आहे.

आधी थोडा पसारा समजून घेऊ. चर्च ऑफ इंग्लंडकडे साधारण सोळा हजार चर्च आहेत. त्यांतली बारा हजारांहून अधिक संरक्षित वारसा-इमारतींच्या यादीत आहेत. इंग्लंडमधल्या पहिल्या श्रेणीच्या वारसा-इमारतींपैकी जवळजवळ निम्म्या या गावोगावच्या चर्च आहेत. राजवाडे, किल्ले, सरदारांच्या हवेल्या सगळ्या एका बाजूला आणि ही चर्च दुसऱ्या बाजूला, असं ते प्रमाण. यांतल्या हजारो इमारतींत नॉर्मन काळाचं काही ना काही आहे. कुठे अख्खं चर्च, कुठे फक्त दाराची कमान, कुठे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. हेरिफर्डशरमध्येच अर्डिस्लीला बाराव्या शतकातलं असं कुंड आहे. त्यावर दोन योद्धे भाल्या-तलवारींनी झुंजताना कोरलेत. ते कुंड अजून चर्चमध्येच आहे. कुठल्या संग्रहालयाच्या काचेमागे गेलेलं नाही.

वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या धोक्यातल्या इमारतींच्या यादीत आज नऊशेहून अधिक प्रार्थनास्थळं आहेत. १९६९ पासून दोन हजारांच्या आसपास चर्च बंद झाली. काहींची घरं झाली, काहींची गोदामं, काही पाडली गेली.

इमारत मोडकळीला येते ती कशी, हेही सांगायला हवं, कारण पैशाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. नॉर्मन भिंत जाड दिसते, पण ती एकसंध दगडाची नसते. बाहेरून आणि आतून घडीव दगडांचे दोन थर आणि मधल्या पोकळीत चुन्यात कालवलेली खडी-डबर, अशी तिची रचना. चुना ओलावा घेतो आणि सोडतो, म्हणून भिंत वाळत राहते. छपराची पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आतल्या डबरात उतरतं. थंडीत ते गोठतं, फुगतं, दगड सैल होतात. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी चांगल्या हेतूने सांधे सिमेंटने भरले गेले. सिमेंटमुळे ओल आत कोंडली आणि दगडाचा चेहराच सुटून पडू लागला. छपरावरचं शिसं चोरीला गेलं तर एका पावसाळी आठवड्यात लाकडी छत आणि भिंतीवरची चित्रं दोन्ही जातात. म्हणजे यातलं बरंचसं नुकसान वर्षातून दोनदा पन्हळ साफ केली तर टळण्यासारखं आहे. पण उंच शिडीवर कोणी चढायचं? समितीतल्या माणसांचं वय सत्तरीच्या पुढे असतं.

दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्यावी लागते, १९५५ पासून तसा नियम आहे. नियम उत्तम आहे. त्यामुळेच ही चर्च इतक्या बऱ्या अवस्थेत राहिली असं मला वाटतं. पण तपासणीचा अहवाल येतो तेव्हा त्यात लाखो पौंडांची कामं असू शकतात, आणि गावात रविवारी जमणारी माणसं बारा. मग केक विकणं, जुनी पुस्तकं विकणं, बागा उघड्या ठेवून तिकीट लावणं, सायकल फेरी, लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीकडे अर्ज. त्या निधीने प्रार्थनास्थळांसाठीची वेगळी योजना २०१७ मध्ये बंद केली, तेव्हापासून खेड्यातलं चर्च मोठ्या संग्रहालयांशी आणि उद्यानांशी एकाच रांगेत उभं राहून स्पर्धा करतं. अर्ज लिहिण्याचं कौशल्य असलेला एखादा निवृत्त अधिकारी गावात असेल तर चर्चचं छप्पर वाचतं, नसेल तर गळतं. बाराव्या शतकातल्या इमारतीचं भवितव्य अशा योगायोगावर सोडून देणं मला अक्षम्य वाटतं.

त्यावर कराचा भाग आणखी वेगळा. ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर त्यावर मूल्यवर्धित कर शून्य. जुन्या इमारतीची दुरुस्ती केली तर वीस टक्के. चर्चना हा कर परत मिळावा म्हणून २००१ पासून एक योजना होती. २०२५ मध्ये तिच्यावर मर्यादा आली: एका चर्चला वर्षाला पंचवीस हजार पौंडांपर्यंतच आणि देशभरात मिळून दोन कोटी तीस लाख पौंडांपर्यंतच. आधी ही एकूण रक्कम चार कोटी वीस लाख होती. छपराचं मोठं काम हाती घेतलेल्या गावांनी परताव्याचा हिशोब धरून पैसे जमवले होते. त्यांच्या तोंडचा घास गेला.

आता इतिहासाकडे वळते, कारण "चर्च ज्यांचं, त्यांनीच खर्च करावा" हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. चर्च नेमकं कोणाचं?

१०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून नॉर्मन आले. पुढच्या शंभर वर्षांत त्यांनी इंग्लंडभर दगडी चर्च बांधली. यातला बराचसा भाग जेत्यांचा दिमाख होता हे नाकारण्यात अर्थ नाही. १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तर इंग्लंडमधली गावं जाळणारी हीच माणसं. पण दगड फोडले, ओढले, चुना भाजला तो गावकऱ्यांनी. आणि त्या चर्चचा खर्च शतकानुशतकं निघाला तो गावकऱ्यांच्या दशमांशातून. धान्य, कोकरं, लोकर, दूध, अंडी, सगळ्यातला दहावा हिस्सा. द्यायचा की नाही हा प्रश्नच नव्हता, सक्ती होती. वेदीकडच्या भागाची दुरुस्ती दशमांश घेणाऱ्याने, म्हणजे पाळकाने किंवा मठाने, करायची आणि लोक बसतात त्या भागाची गावाने, अशी वाटणी मध्ययुगातच पक्की झाली. त्यामुळे तो मधला भाग गावाचा समजला जाई. तिथे गावच्या सभा होत, तंटे मिटवले जात, मेजवान्या झडत. गावाच्या वाट्याचा खर्च भागवायला प्रत्येक घरावर चर्चपट्टी लागे, मग तुमचा पंथ कोणताही असो.

या पट्टीविरुद्ध क्वेकर, बाप्टिस्ट आणि इतर पंथांच्या लोकांनी मोठा लढा दिला. काही जण पट्टी न भरल्याबद्दल तुरुंगात गेले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्याच्या उपासनेसाठी सक्तीने पैसे घेणं अन्यायच आहे. १८६८ मध्ये सक्तीची पट्टी बंद झाली. दशमांशाचं रूपांतर १८३६ मध्ये रोख रकमेत झालं होतं. १९३६ च्या कायद्याने तोही संपवला. पण पट्टी रद्द करताना इमारतीचं काय करायचं हे कोणी ठरवलं नाही. उपासनेचा खर्च आणि इमारतीचा खर्च या दोन गोष्टी तिथे वेगळ्या करायला हव्या होत्या, त्या झाल्या नाहीत. तेव्हा चर्च भरलेली असत, जमीनदार देणग्या देत, म्हणून निभावलं. आज जमीनदार नाहीत आणि बाकंही रिकामी आहेत. म्हणजे जी व्यवस्था "परंपरेने चालत आलेली" म्हणून सांगितली जाते ती जेमतेम दीडशे वर्षांची आहे. त्याआधीची सातशे वर्षं अख्खं गाव हा भार उचलत होतं.

जुन्या वाटणीचा एक अवशेष अजून कायद्यात आहे आणि तो किती विचित्र आहे ते सांगण्यासारखं आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर मठांचा दशमांशाचा हक्क खासगी मालकांकडे गेला, आणि त्याच्यासोबत वेदीकडचा भाग दुरुस्त करण्याची जबाबदारीही त्या जमिनींना चिकटली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅंटलोमध्ये एका शेतमालक जोडप्याला या जबाबदारीपोटी चर्च समितीने बिल पाठवलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि २००३ मध्ये जोडप्याविरुद्ध निकाल लागला. दुरुस्ती आणि कोर्टखर्च मिळून आकडा दोन लाख पौंडांच्या वर गेला. चर्च समितीलाही यात आनंद नव्हता. कायद्याने त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता. सार्वजनिक ठेव्याचा खर्च एका घरावर टाकणारी व्यवस्था कोणालाच न्याय देत नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की चर्च ऑफ इंग्लंड श्रीमंत आहे. त्याच्या मध्यवर्ती विश्वस्तांकडे दहा अब्ज पौंडांहून अधिक गुंतवणूक आहे. मग करदात्याने का द्यावं? या प्रश्नाला टाळता येत नाही. तो पैसा प्रामुख्याने पाळकांची जुनी निवृत्तिवेतनं, बिशप आणि कॅथीड्रल यांचा खर्च, आणि गरीब भागांतलं धर्मकार्य यांसाठी बांधलेला आहे. समजा, विश्वस्तांनी तो वळवला. तरी सोळा हजार इमारती कायमच्या सांभाळायला तो पुरणार नाही, आणि शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या पाळकांचे पगार कापून डोंगरातल्या चर्चची कौलं बसवणं हे कुठलाही विचारी ख्रिस्ती माणूस मान्य करणार नाही. पण मला वाटतं, विश्वस्तांनी वाटा उचललाच पाहिजे, आणि ठळकपणे उचलला पाहिजे. बंद पडलेल्या चर्चसाठी तसं आधीच होतं. १९६९ मध्ये स्थापन झालेला चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट साडेतीनशेहून अधिक बंद चर्च सांभाळतो, आणि त्याला सरकार आणि चर्च दोघेही पैसे देतात. विचार करा: चर्च चालू असताना हक्काची मदत नाही, मेल्यावर मदत आहे. गावाने हार मानून दारं लावली की मग सरकारची जबाबदारी सुरू होते. हा उलटा न्याय बदलायला हवा.

दुसरा आक्षेप धर्मनिरपेक्षतेचा. हिंदू, मुस्लिम, नास्तिक करदात्यांच्या पैशातून ख्रिस्ती देवळं का राखायची? मी स्वतः त्या करदात्यांपैकी एक आहे, म्हणून याचं उत्तर मला द्यावंसं वाटतं. ससेक्समधल्या हार्डमला बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं छोटं चर्च आहे. त्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. आदम आणि हव्वा, सेंट जॉर्ज. गिलाव्याखाली ती शतकानुशतकं झाकली गेली होती, १८६६ मध्ये पुन्हा उजेडात आली. नॉर्मन काळातल्या सामान्य इंग्रज शेतकऱ्याचं घर आज कुठेही उभं नाही. त्याची भाषा दरबारात बोलली जात नव्हती, त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. त्याने रोज पाहिलेली गोष्ट आपल्याला आज पाहता येते ती या भिंतीवर. केंटमधल्या बारफ्रेस्टनच्या दारावर वाद्यं वाजवणारे प्राणी आहेत. त्याचा दगड नॉर्मंडीतल्या काँ इथून समुद्रावरून आणलेला, आणि घंटा मात्र अंगणातल्या यू वृक्षाला टांगलेली. यांचा आनंद घ्यायला बाप्तिस्मा झालेला असावा लागत नाही. एखाद्या देशात राहायचं, तिथे कर भरायचा, मुलं तिथेच वाढवायची, तर त्या देशाच्या जुन्या दगडांवर आपलाही काही हक्क येतो आणि काही देणंही येतं. मुलांना शाळेत १०६६ शिकवतात. तो काळ हाताने चाचपायला त्यांना लंडनला जावं लागू नये. बहुतेक काउंट्यांमध्ये तो काही मैलांवर आहे.

आणि याची किंमत? या प्रश्नाचा एक प्रसिद्ध प्रयत्न होऊन गेला आहे. १९६८ मध्ये लंडनच्या तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवायला रॉस्किल आयोग नेमला गेला. खर्च आणि लाभ पैशात मोजून उत्तर काढायचं, असा त्याचा बाणा होता. बहुमताने आयोगाने बकिंगहॅमशरमधलं कबलिंग्टन निवडलं. त्या जागेच्या टप्प्यात स्ट्यूक्ली हे गाव येत होतं, आणि स्ट्यूक्लीत बाराव्या शतकाच्या मध्याचं सेंट मायकेल चर्च आहे: मधोमध मनोरा, कमानींवर नागमोडी नक्षीच्या रांगा, नंतरच्या काळाने जवळपास हात न लावलेलं. ते पाडावं लागणार होतं. मग त्याचं मूल्य हिशोबात कसं धरायचं? एका टप्प्यावर सूचना झाली की आगीच्या विम्याची रक्कम धरावी. या सूचनेवर तेव्हा खूप टीका झाली आणि ती योग्यच होती. विम्याची रक्कम म्हणजे तशी इमारत पुन्हा बांधायला लागणारा पैसा. स्ट्यूक्लीचं चर्च पुन्हा बांधता येत नाही. तसं दिसणारं काही बांधता येईल, पण ज्या उंबऱ्यावर आठशे वर्षांच्या पावलांनी खळगा पडला तो उंबरा कोणत्याही रकमेत मिळत नाही. आयोगातले एक सदस्य, नगररचनाकार कॉलिन ब्यूकॅनन, यांनी बहुमताविरुद्ध आपलं मत नोंदवलं. एप्रिल १९७१ मध्ये सरकारने कबलिंग्टन सोडून दिलं. चर्च वाचलं, पण कुठल्या वारसा धोरणाने नव्हे. आजूबाजूच्या गावांनी केलेल्या जोरदार चळवळीने.

या प्रकरणातून मी एक गोष्ट घेते. अशा इमारतीची किंमत पैशात ठरत नाही, पण तिच्या पन्हळीची ठरते. आणि आपण भांडायला हवं ते या दुसऱ्या आकड्यावर.

मालकीच बदलून टाकावी, असंही काही जण सुचवतात. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानंतर जुनी चर्च गावच्या नगरपालिकांच्या मालकीची झाली. म्हणजे नॉर्मन जिथून आले त्या नॉर्मंडीतल्या चर्चचं छप्पर महापौराच्या अंदाजपत्रकात येतं, आणि उपासना कॅथलिक मंडळी करतात. तत्त्व म्हणून मला ते आवडतं. पण इंग्लंडच्या ग्रामसमित्यांची ऐपत पाहता तोच भार एका गरीब समितीकडून दुसऱ्या गरीब समितीकडे जाईल. दुसरा मार्ग सरकारी ताब्याचा. ग्लॉस्टरशरमधलं केम्प्लीचं सेंट मेरी चर्च तसं आहे. गाव हळूहळू दूर सरकलं, १९०३ मध्ये नवीन चर्च झालं, जुनं आता इंग्लिश हेरिटेज सांभाळतं. वेदीच्या छतावर ११२० च्या सुमाराची ओल्या गिलाव्यावरची चित्रं आहेत, मध्ये ख्रिस्त, दोन्ही बाजूंना वर पाहणारे प्रेषित. अप्रतिम. त्यांची निगाही उत्तम राखली आहे. तरी तिथे फुलं नसतात. कोणाच्या आजीच्या स्मरणार्थ ठेवलेली उशी नसते, सूचनाफलकावर पुढच्या महिन्याचं काही नसतं. जिथे गाव खरोखर उरलेलं नाही तिथे दुसरा इलाज नाही. पण जिथे गाव आहे, तिथे चर्चला जिवंत ठेवूनच मदत करायला हवी.

उपासना आणि सरकारी देखभाल एकत्र नांदू शकतात हे आपल्याला सांगायला नको. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, म्हणजे हेस्टिंग्जच्या लढाईच्या सहा वर्षं आधीचं. त्याची देखभाल केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि रोजची पूजा नि महाशिवरात्रीची जत्राही चालू आहे. उलट आपल्याकडच्या कितीतरी यादवकालीन देवळांचा जीर्णोद्धार गावाने प्रेमाने, पण एकट्याने केला, आणि काळ्या दगडावर ऑइलपेंट आला, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या आल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येही असंच झालं. उत्साही मंडळींनी जुने गिलावे खरवडले, खऱ्या नॉर्मन खिडक्या काढून नव्या "नॉर्मन" खिडक्या बसवल्या. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या साथीदारांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच संतापातून. आज बाक हलवायचा तरी धर्मप्रांताची परवानगी लागते, आणि ते योग्य आहे. पण नियम सगळ्या देशाच्या हितासाठी आणि बिल आठ म्हाताऱ्या माणसांच्या नावावर, ही विभागणी टिकणारी नाही.

काय करता येईल हे नव्याने शोधायची गरज नाही. २०१७ च्या शेवटी सरकारनेच नेमलेल्या टेलर समितीने अहवाल दिला. चर्च इमारतींसाठी गावोगाव फिरणारे तज्ज्ञ सल्लागार असावेत, वापर वाढवायला मदत करणारी माणसं असावीत, आणि छोट्या दुरुस्त्यांसाठी चटकन मिळणारा निधी असावा, असं त्यात सुचवलं होतं. मँचेस्टर परिसरात आणि सफकमध्ये २०१८ ते २०२० असा प्रयोगही झाला. सफक म्हणजे खेड्यातल्या चर्चचा बालेकिल्ला. देशाच्या हिशोबात नगण्य म्हणावी अशी रक्कम, वीस लाख पौंडांच्याही आत, त्यासाठी पुरली. पन्हळी साफ झाल्या, कौलं बसली, समित्यांना कोणाला फोन करायचा ते कळलं. मुदत संपली आणि प्रयोग देशभर न्यायचा राहून गेला. तो आता न्यायला हवा. दुरुस्तीवरचा वीस टक्के कर संरक्षित इमारतींसाठी शून्य करायला हवा, परतावा आणि मर्यादा यांचा खेळ नको. आणि चर्चच्या विश्वस्तांनी सरकारच्या पौंडामागे स्वतःचा ठरावीक वाटा घालायला हवा.

मग माझी अट. दार उघडं हवं.

खेड्यातली बरीच चर्च आजही दिवसा उघडी असतात, आणि या देशातल्या मला सर्वांत प्रिय गोष्टींपैकी ती एक आहे. कोणीही नसतं, तुम्ही कडी उचलता आणि आत जाता. टेबलावर पाहुण्यांची वही, देणगीची पेटी, कधी किटली आणि बिस्किटांचा डबा. तुमच्यावर पाळत नाही, तिकीट नाही. पण अनेक ठिकाणी आता कुलूप दिसतं. दारावर किल्ली कोणाकडे मिळेल त्याचा फोन नंबर असतो, तो कोणी उचलत नाही, किंवा नंबरच नसतो. आडरस्त्याने बसने नि चालत येणारा माणूस तिथून परत जातो. कारण विचारलं तर चोरीचं भय सांगतात. भय खोटं नाही. पण शिसं चोरीला जातं ते छपरावरून, आणि त्याला दाराच्या कुलपाने काही अडथळा होत नाही. उलट माणसांची ये-जा असलेलं चर्च सुरक्षित राहतं, हे विमा कंपन्याही सांगत आल्या आहेत. मौल्यवान चांदीची भांडी कपाटात ठेवता येतात, ती बहुतेकांनी ठेवलीही आहेत.

सार्वजनिक पैसा मागायचा आणि दार सभासदांपुरतं ठेवायचं हे चालणार नाही. चर्चच्या काही मंडळींना ही अट खटकेल. उपासनेची जागा पर्यटनस्थळ होईल, शांतता भंगेल, असं त्यांना वाटेल. त्यांचा मान राखायलाच हवा: उपासनेच्या वेळा, लग्नं, अंत्यविधी यांना पहिला हक्क त्यांचाच. उरलेल्या वेळात गावाने ती जागा वापरावी. काही गावांत चर्चच्या मागच्या भागात आज पोस्टाचं काम चालतं, किराणा मालाचं छोटं दुकान चालतं, म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण होतं. गाव जमण्याची जागा म्हणून त्या मधल्या भागाचा वापर पूर्वीही होताच.

अडचण एकच उरते आणि ती अगदी साधी आहे. रोज सकाळी कुलूप काढायचं आणि संध्याकाळी लावायचं कोणी? आज ते काम त्याच सत्तरी ओलांडलेल्या दोघा-तिघांकडे आहे, आणि त्यांतलं एक जण आजारी पडलं की दार आठवडाभर बंद राहतं. यासाठी सात-आठ गावांना मिळून एक पगारी देखरेख करणारा माणूस नेमावा. कुलपांसोबत पन्हळींवर नजर ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच द्यावं. काही चर्चमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप उघडणारी नि बंद होणारी विजेची कुलपं आता बसवली आहेत. ज्या गावात माणूस मिळणार नाही तिथे तशी कुलपं बसवावीत, जुन्या लाकडाला धक्का न लावता, आणि त्यांचं बिल समितीकडे न जाता याच निधीतून भरावं.